सगळ्या जगाला मार्क देणाऱ्या लँडाऊने एका भोवऱ्याला नापास केलं, आणि तोच भोवरा खरा निघाला

एक माणूस होता. तो जगातल्या सगळ्या भौतिकशास्त्रज्ञांना मार्क द्यायचा.

मार्क द्यायची पद्धत मात्र उलटी होती. आकडा जितका लहान, तितका माणूस मोठा. आणि एका आकड्याचा फरक म्हणजे थेट दहा पटींचा फरक. आइनस्टाइनला त्याने अर्धा आकडा दिला होता. बोर, हायझेनबर्ग, डिरॅक ही मंडळी एकच्या रांगेत. स्वतःला त्याने आधी अडीच दिला आणि पुढे काम वाढलं तसा तो दोनवर आणला.

या माणसाचं नाव लेव्ह लँडाऊ. १९६२ चा नोबेल विजेता. आपल्याकडे एमएससी फिजिक्स केलेल्या कुणालाही विचारा, लँडाऊ आणि लिफशित्झच्या जाडजूड पुस्तकांचं नाव काढलं की त्याचा चेहरा बदलतो. दहा खंडांची ती मालिका आजही जगभर वाचली जाते.

पण आज आपण त्याचं मोठेपण सांगत बसणार नाही. आजची गोष्ट आहे एका प्रश्नाची. वीज अजिबात न अडवणाऱ्या पदार्थात चुंबकाचं क्षेत्र शिरतं तरी कसं?

साधा वाटणारा हा प्रश्न लँडाऊच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा आला. त्याचं उत्तर त्याच्या मित्राच्या आलेखात होतं. मित्राला सरकारने गोळी घातली. पुढे उत्तर त्याच्या स्वतःच्या समीकरणात आलं. तिकडे तो वळला नाही. शेवटी त्याच्या विद्यार्थ्याने ते उत्तर आणून समोर ठेवलं, तेव्हा ते त्याला पटलं नाही.

तर झालं असं की...

बाकूचा पोरगा

लँडाऊचा जन्म २२ जानेवारी १९०८ चा. गाव बाकू, आजच्या अझरबैजानची राजधानी. तेलाच्या विहिरींचं शहर. वडील तेल उद्योगात इंजिनिअर, आई डॉक्टर. ज्यू कुटुंब होतं.

गणितात पोरगं इतकं पुढे की तेराव्या वर्षी शाळा संपली आणि चौदाव्या वर्षी तो बाकूच्या विद्यापीठात जाऊन बसला. १९२४ मध्ये तो लेनिनग्राडला गेला. तिथे मित्रांनी त्याचं नाव पाडलं ‘दाऊ’. हेच नाव त्याला जन्मभर चिकटलं. विद्यार्थीसुद्धा त्याला दाऊच म्हणायचे.

एकोणिसाव्या वर्षी पदवी हातात आली आणि १९२९ मध्ये तो युरोपच्या दौऱ्यावर निघाला. गॉटिंगेन, लाइपझिग, कोपनहेगन, केंब्रिज, झुरिक. नव्या क्वांटम सिद्धांताची सगळी मोठी ठिकाणं त्याने पालथी घातली. कोपनहेगनला नील्स बोरकडे तो राहिला आणि आयुष्यभर बोरलाच गुरू मानत आला.

याच दौऱ्यात, १९३० मध्ये, त्याने एक महत्त्वाचं काम केलं. धातूतले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात आले की गोल फिरू लागतात. लँडाऊने दाखवलं की या फिरण्याला कुठलीही ऊर्जा चालत नाही. जिन्याच्या पायऱ्यांसारखे ठरावीकच टप्पे असतात. आज त्यांना ‘लँडाऊ लेव्हल्स’ म्हणतात.

त्याच कामातून आणखी एक गोष्ट निघत होती. चुंबकीय क्षेत्र वाढवत नेलं तर धातूचे गुणधर्म लाटेसारखे वरखाली व्हायला हवेत. पण प्रत्यक्षात हे दिसणं शक्य नाही असं लँडाऊने मानलं, कारण तितकं एकसारखं क्षेत्र कुणाला तयार करता येणार नाही.

आणि त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या लायडनच्या प्रयोगशाळेत त्या लाटा दिसल्या.

त्या दिसल्या बिस्मथ धातूच्या अतिशय शुद्ध स्फटिकांत. हे स्फटिक वाढवण्यात ज्याचा हातखंडा होता, तो तिथे काम करणारा एक तरुण रशियन होता. लेव्ह शुब्निकोव्ह. लँडाऊपेक्षा सहा वर्षांनी मोठा.

हे नाव लक्षात ठेवा.

भिंतीची ओल

इथे जरा थांबून सुपरकंडक्टर म्हणजे काय ते बघू, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे.

१९११ मध्ये लायडनच्याच प्रयोगशाळेत कामर्लिंग ओनेसला कळलं की पारा उणे २६९ अंशांपर्यंत थंड केला की त्याचा विजेला होणारा विरोध अचानक नाहीसा होतो. एकदा सोडलेला प्रवाह फिरतच राहतो. मराठीत याला अतिसंवाहकता म्हणतात.

ओनेसच्या डोक्यात लगेच आलं, अशा तारेची गुंडाळी केली तर तुफान ताकदीचं चुंबक बनेल. पण तारेभोवती थोडं चुंबकीय क्षेत्र वाढलं की सुपरकंडक्टर मान टाकायचा आणि साधा धातू व्हायचा. शिशासारख्या धातूत ही मर्यादा ०.०८ टेस्लाच्या आसपास आहे. आज दवाखान्यातलं एमआरआय मशीन दीड ते तीन टेस्लावर चालतं. म्हणजे ओनेसचं स्वप्न तिथेच अडकलं.

१९३३ मध्ये बर्लिनला माइसनर आणि ओक्सनफेल्ड या दोघांनी आणखी एक धक्का दिला. सुपरकंडक्टर चुंबकीय क्षेत्राला आपल्या पोटातून बाहेर ढकलून देतो, असं त्यांना दिसलं.

मग क्षेत्र अजिबात आत जात नाही का?

जातं, पण अगदी थोडं. पावसाळ्यात भिंतीला बाहेरून ओल येते बघा. वरचा थोडा भाग ओला होतो, आतली वीट कोरडी राहते. तसंच क्षेत्र पृष्ठभागातून थोडं आत झिरपतं आणि विरून जातं. १९३५ मध्ये फ्रिट्झ आणि हाइन्झ लंडन या भावांनी याचं गणित मांडलं. ही ओल साधारण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकी किंवा त्याहून कमी खोल जाते.

चित्र पूर्ण झालं असं वाटत होतं. क्षेत्र कमी असेल तर बाहेर, जास्त झालं तर सुपरकंडक्टर खल्लास. मधलं काही नाही.

खारकीव्हमधले दोन लेव्ह

१९३२ मध्ये लँडाऊ युक्रेनमधल्या खारकीव्ह शहरातल्या भौतिक-तंत्र संस्थेत आला. वय चोवीस, आणि थेट सिद्धांत विभागाचा प्रमुख. दारावर त्याने पाटी लावली होती असं सांगतात. पाटीचा मतलब असा की सावधान, आतला माणूस चावतो.

त्याच्या हाताखाली यायचं तर आधी त्याची परीक्षा द्यावी लागायची. गणितापासून क्वांटम सिद्धांतापर्यंत सगळं त्यात यायचं. पुढच्या जवळपास तीस वर्षांत ही परीक्षा फक्त ४३ जण पास झाले. ही यादी त्याने स्वतः ठेवली होती.

याच संस्थेत अतिशीत प्रयोगशाळेचा प्रमुख होता शुब्निकोव्ह. तो लायडनहून १९३० मध्ये परतला होता आणि सोव्हिएत देशात द्रव हीलियमवर काम करणारी पहिली प्रयोगशाळा त्याने उभी केली होती.

दोघांचं मस्त जमलं. एक फक्त कागद-पेन्सिलवाला, दुसरा हाताने स्फटिक वाढवणारा. दोघांचीही नावं लेव्ह.

१९३६ च्या सुमारास शुब्निकोव्ह आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शुद्ध धातू सोडून मिश्रधातू हातात घेतले. शिशात थोडं थॅलियम, शिशात थोडं इंडियम.

मिश्रधातू विचित्र वागतात हे आधीही माहीत होतं. पण सगळे म्हणायचे की तो भेसळीचा दोष आहे. पदार्थ नीट मिसळलेला नाही, आत स्पंजसारखं जाळं झालंय, म्हणून क्षेत्र कुठून तरी आत घुसतं.

शुब्निकोव्हने ही पळवाटच बंद केली. त्याने मिश्रधातूचे एकसंध स्फटिक वाढवले आणि ते बराच वेळ तापवून आतून सारखे करून घेतले. मग मोजमाप केलं.

तरीही क्षेत्र आत शिरत होतं. आणि तेही शिस्तीत.

एका ठरावीक क्षेत्रापर्यंत सगळं बाहेर. त्यानंतर क्षेत्र हळूहळू आत यायला लागायचं, पण सुपरकंडक्टर मरायचा नाही. क्षेत्र कितीतरी पट वाढवल्यावर, दुसऱ्या मर्यादेला, तो संपायचा. मर्यादा एक नव्हती, दोन होत्या. आणि त्या दोघींच्या मधे पदार्थाची एक वेगळीच अवस्था होती.

ओनेसच्या अडकलेल्या स्वप्नाची किल्ली हीच होती. पण त्या आलेखाचा अर्थ तेव्हा कुणालाच लागला नाही. त्याच संस्थेत बसलेल्या लँडाऊलाही नाही.

लँडाऊ त्या काळात शुद्ध धातूंच्या प्रश्नात होता. १९३७ मध्ये त्याने सांगितलं की काही परिस्थितीत शुद्ध धातूत साध्या आणि सुपरकंडक्टिंग भागांचे एकाआड एक थर तयार होतात आणि क्षेत्र साध्या थरांतून जातं. हे बरोबरही होतं. पण मिश्रधातूंचं कोडं त्याने सुटत नव्हतं.

१९३७

मग ते साल आलं.

स्टालिनची धरपकड सगळ्या देशात चालू होती. खारकीव्हच्या संस्थेवरही नजर गेली. वारं बघून लँडाऊ १९३७ च्या सुरुवातीलाच मॉस्कोला निघून गेला आणि प्योत्र कापित्साच्या संस्थेत रुजू झाला.

शुब्निकोव्ह खारकीव्हलाच राहिला.

ऑगस्ट १९३७ मध्ये त्याला अटक झाली. चौकशीत त्याच्याकडून कबुलीजबाब लिहून घेतला गेला. १० नोव्हेंबर १९३७ ला त्याला गोळी घातली. वय फक्त ३६.

बायको ओल्गा त्रापेझ्निकोव्हा स्वतः भौतिकशास्त्रज्ञ होती, त्याच प्रयोगशाळेत काम केलेली. तिला खरं सांगितलंच गेलं नाही. कागदोपत्री शुब्निकोव्हच्या मृत्यूचं साल १९४५ असं दाखवलं गेलं आणि जुन्या संदर्भग्रंथांत कित्येक वर्षं तेच छापून येत राहिलं.

लँडाऊही सुटला नाही. २८ एप्रिल १९३८ ला मॉस्कोत त्याला उचललं. एका स्टालिनविरोधी पत्रकाच्या मसुद्यात त्याचा हात होता, हे पुढे बाहेर आलेल्या फायलींतून दिसलं. त्या काळात याची शिक्षा काय, हे वेगळं सांगायला नको.

त्याला वाचवलं कापित्साने. अटकेच्या दिवशीच त्याने थेट स्टालिनला पत्र लिहिलं. कोपनहेगनहून बोरनेही लिहिलं. कापित्साला तेव्हा द्रव हीलियममध्ये एक अजब गोष्ट सापडली होती. हीलियम कुठल्याही घर्षणाशिवाय वाहत होता. हे समजावून सांगेल असा माणूस लँडाऊच, असा त्याचा मुद्दा होता. शेवटी त्याने लँडाऊच्या वागणुकीची लेखी हमी घेतली आणि बरोबर एक वर्षाने, एप्रिल १९३९ च्या अखेरीस, लँडाऊ बाहेर आला. तब्येतीने पार खचलेला.

त्याने कापित्साचा शब्द खाली पडू दिला नाही. १९४१ मध्ये हीलियमच्या त्या वाहण्याचा सिद्धांत मांडला. पुढे नोबेल मिळालं ते याच धर्तीच्या कामासाठी.

बांधाचा हिशेब

१९५० मध्ये लँडाऊ पुन्हा सुपरकंडक्टरकडे आला. सोबत होता विताली गिन्झबर्ग. दोघांनी मिळून एक सिद्धांत लिहिला, गिन्झबर्ग-लँडाऊ सिद्धांत.

त्यात दोन अंतरं महत्त्वाची आहेत. पहिलं म्हणजे क्षेत्र किती आत झिरपतं ते, आपली भिंतीची ओल. दुसरं म्हणजे सुपरकंडक्टिंगपणा शून्यापासून पूर्ण जोमात यायला किती जागा लागते ते.

सगळा खेळ या दोघांच्या गुणोत्तराचा आहे. कसा, ते शेताच्या बांधावरून समजून घेऊ.

समजा, साधा भाग आणि सुपरकंडक्टिंग भाग ही दोन शेतं आहेत. मधे बांध घालायला खर्च येतो. मग शहाणा माणूस कमीत कमी बांध घालेल. पारा, शिसं अशा शुद्ध धातूंचं असंच असतं. म्हणून क्षेत्र तिथे एक तर बाहेर राहतं, नाहीतर मोठमोठे पट्टे करून येतं.

आता उलटं बघा. बांध घातला की वरून अनुदान मिळतं असं ठरलं तर? लोक जमिनीचे तुकड्यांवर तुकडे पाडतील. जितके बांध, तितका फायदा. ओलीचं अंतर दुसऱ्या अंतराच्या मानाने मोठं असलं की सुपरकंडक्टरमध्ये हेच होतं. क्षेत्राला जितकं बारीक होऊन शिरता येईल तितकं बरं.

गुणोत्तर कुठल्या आकड्याला ही उलटापालट होते, तो आकडासुद्धा लँडाऊ आणि गिन्झबर्गच्या लेखात होता. सुमारे ०.७. पण ज्ञात शुद्ध धातू या आकड्याच्या बरेच खाली होते. म्हणून पलीकडे काय घडतं याच्या खोलात ते दोघे गेले नाहीत.

दार त्यांनीच बांधलं होतं. उघडून बघितलं मात्र नाही.

ड्रॉवरमधला कागद

दार उघडलं अलेक्सेई अब्रिकोसोव्हने. लँडाऊचा विद्यार्थी, तेव्हा पंचविशीच्या आतला.

त्याचा मित्र झवारित्स्की पातळ धातूच्या पापुद्र्यांवर प्रयोग करत होता आणि त्याची मोजमापं नव्या सिद्धांताशी जुळत नव्हती. अब्रिकोसोव्हने विचार केला, गुणोत्तर त्या आकड्याच्या वर धरलं तर? धरून बघितलं आणि हिशेब जुळला. म्हणजे सुपरकंडक्टरची दुसरी जात खरोखर अस्तित्वात होती.

मग अशा पदार्थात क्षेत्र शिरतं कसं? १९५३ च्या सुमारास त्याने गणित केलं आणि उत्तर आलं: भोवऱ्यांच्या रूपात.

नदीतला भोवरा डोळ्यांसमोर आणा. मधे पोकळी, भोवती गोल फिरणारं पाणी. इथे मधे एक बारीक दोरा असतो, जिथे सुपरकंडक्टिंगपणा शून्य होतो. त्यातून चुंबकीय क्षेत्र जातं आणि भोवती वीज गोल फिरत राहते. गंमत म्हणजे प्रत्येक भोवऱ्यात क्षेत्राचा वाटा अगदी सारखा असतो. ना कमी, ना जास्त. क्षेत्र वाढवलं की भोवरे मोठे होत नाहीत, त्यांची संख्या वाढते.

एक टेस्ला क्षेत्रात फक्त एक चौरस मिलिमीटर जागेत किती भोवरे असतात माहितीये? सुमारे ४८ कोटी. आणि ते एकमेकांना ढकलत रांगेत, जाळीसारखे उभे राहतात.

अब्रिकोसोव्हने हे घेऊन दाऊला गाठलं. आणि दाऊला ते पटलं नाही.

अब्रिकोसोव्हने पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार, त्याने तो कागद ड्रॉवरमध्ये टाकून दिला. लँडाऊचा दराराच तसा होता. त्याने नाही म्हटलं की मॉस्कोत विषय संपायचा.

दोनेक वर्षांनी अमेरिकेतून रिचर्ड फाइनमनचा लेख आला. गोल फिरवलेल्या द्रव हीलियमवरचा. लँडाऊ आणि लिफशित्झने १९५५ मध्ये याच प्रश्नावर काम केलं होतं आणि हीलियम थराथरांनी फिरत असेल असं म्हटलं होतं. फाइनमनने दाखवलं की थर नव्हे, बारीक भोवरे. लँडाऊला ते मानावं लागलं.

मग अब्रिकोसोव्हने आपला कागद पुन्हा काढला. माझंही तर हेच होतं, असं त्याचं म्हणणं. या वेळी चर्चा झाली आणि लँडाऊ तयार झाला. १९५७ मध्ये लेख छापला गेला.

सिद्धांत खरा की खोटा हे पडताळायला मोजमाप हवं होतं. अब्रिकोसोव्हने ते कुठलं घेतलं?

खारकीव्हचं. शिसं आणि थॅलियमच्या मिश्रधातूचं. वीस वर्षांपूर्वी शुब्निकोव्हने काढलेला आलेख नव्या गणिताशी जुळला.

त्याच १९५७ मध्ये सोव्हिएत सरकारने शुब्निकोव्हवरचे आरोप मागे घेतले. त्याला मरून वीस वर्षं झाली होती.

शेवटची सहा वर्षं

७ जानेवारी १९६२. मॉस्कोहून दुबनाकडे जाताना बर्फाळ रस्त्यावर लँडाऊची गाडी घसरली आणि समोरच्या ट्रकवर आदळली. कवटी, बरगड्या, कंबर, सगळं मोडलं. कित्येक आठवडे तो बेशुद्ध होता. देशोदेशीच्या डॉक्टरांनी धावपळ केली, परदेशातून औषधं मागवली गेली.

तो वाचला. त्याच वर्षी नोबेल जाहीर झालं. स्टॉकहोमला जाणं शक्य नव्हतं, म्हणून स्वीडनच्या राजदूताने मॉस्कोत दवाखान्यात जाऊन ते दिलं.

पण जो मेंदू सगळ्यांना मार्क द्यायचा, तो पुन्हा पहिल्यासारखा चालला नाही. त्यानंतर त्याच्या हातून संशोधन झालं नाही.

१९६७ मध्ये जर्मनीत एसमान आणि ट्रॉयब्ले यांनी सुपरकंडक्टरवर चुंबकीय धातूचे अतिसूक्ष्म कण टाकून भोवऱ्यांचे फोटो काढले. तिरक्या रांगांत ओळीने उभे असलेले ठिपके जगाने पहिल्यांदा असे बघितले. पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९६८ ला, लँडाऊ गेला. वय ६०.

धिरड्यांची चळत

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण लँडाऊचं समीकरण त्याच्याहून जास्त जगलं.

१९७० च्या सुमारास अमेरिकेत लॉरेन्स आणि डोनिआक यांनी एक कल्पना मांडली. पदार्थ सलग ठोकळा नसून पातळ सुपरकंडक्टिंग थरांची चळत असेल तर? त्यांनी प्रत्येक थराला गिन्झबर्ग-लँडाऊचं समीकरण लावलं आणि शेजारच्या थरांना एकमेकांशी सैल जोडून दिलं.

तेव्हा हा विषय मोजक्या लोकांचा होता. मग १९८६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बेडनॉर्झ आणि म्युलरला तांब्याच्या ऑक्साइडचे सुपरकंडक्टर सापडले आणि पुढच्याच वर्षी त्यातला एक प्रकार सुमारे उणे १८० अंशांनाच काम करू लागला. म्हणजे महागड्या द्रव हीलियमऐवजी स्वस्त द्रव नायट्रोजन पुरे. आणि हे सगळे पदार्थ थरांचेच निघाले. तांबं आणि ऑक्सिजनचा एक पातळ थर, मधे दुसऱ्या अणूंचा थर, पुन्हा तांबं-ऑक्सिजन.

अशा पदार्थात क्षेत्र शिरतं कसं? ते कुठल्या दिशेने येतं यावर सगळं अवलंबून आहे.

क्षेत्र वरून, थरांना आरपार आलं तर भोवऱ्याचा सलग दोरा राहत नाही. प्रत्येक थरात एक चपटा भोवरा बसतो. इंग्रजीत त्याला पॅनकेक व्होर्टेक्स म्हणतात. आपण धिरडं म्हणू. एकावर एक रचलेल्या धिरड्यांची चळत म्हणजे एक भोवरा. पण ही धिरडी एकमेकांना घट्ट चिकटलेली नसतात. थोडी उष्णता मिळाली की एखादं इकडे सरकतं, एखादं तिकडे.

क्षेत्र बाजूने, थरांना समांतर आलं तर ते सोपी वाट धरतं. दोन थरांच्या फटीतून आत घुसतं. तिथे सुपरकंडक्टिंगपणा आधीच कमजोर असतो, त्यामुळे कुणाला मोडून वाट काढावी लागत नाही. याला जोसेफसन भोवरा म्हणतात. थरांच्या आरपार वीज फार कमी वाहते, म्हणून या बाजूने येणाऱ्या क्षेत्राला अडवणारंही कमीच असतं. बिस्मथ असलेल्या काही पदार्थांत ही ओल कडेकडून मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत आत जाऊ शकते. आपल्या केसाच्या जाडीइतकी. वरून मात्र तीच ओल याच्या शेकडो पट कमी.

आणि क्षेत्र तिरकं आलं तर? मग जिना होतो. थरात धिरडं, फटीत आडवा तुकडा, पुन्हा धिरडं, पुन्हा आडवा तुकडा.

हे सगळं आपल्याला कशाला हवं?

कारण भोवरे हलले की सुपरकंडक्टर बिघडतो. तारेतून वीज सोडली की ती भोवऱ्यांना ढकलते. भोवरे सरकले की उष्णता तयार होते आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला, तो शून्य विरोधच जातो. थरांच्या पदार्थांत तर धिरड्यांची चळत बर्फासारखी वितळते आणि भोवरे पातळ होऊन वाहू लागतात. १९९० च्या दशकात प्रयोगांतून हे स्पष्ट दिसलं.

उपाय एकच, भोवऱ्यांना खिळे ठोकायचे. पदार्थात मुद्दाम बारीक दोष आणि कण पेरायचे, म्हणजे भोवरा तिथे अडकून बसतो. १९३० च्या दशकात ज्याला लोक भेसळीचा दोष म्हणत होते, तोच दोष आता मोजून-मापून घातला जातो. एमआरआयच्या नायोबियम-टायटॅनियमच्या तारेतही असंच असतं. २०२१ मध्ये अमेरिकेत अणुसंमीलनासाठी २० टेस्लाचं प्रचंड चुंबक चालवून दाखवलं गेलं, ते तर थरांच्याच सुपरकंडक्टरच्या पट्ट्यांतून बनवलं होतं.

या गोष्टीत मुंबईही आहे बरं का. १९९४ मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी निकेल, बोरॉन आणि कार्बन असलेल्या सुपरकंडक्टरचं नवं कुटुंब दाखवून दिलं. त्यांचीही रचना थरांचीच. त्यातल्या काही पदार्थांत भोवरे चक्क चौकोनी जाळीत उभे राहतात.

कुणाला किती मार्क?

२००३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल गिन्झबर्ग, अब्रिकोसोव्ह आणि लेगेट यांना मिळालं. गिन्झबर्ग तेव्हा सत्याऐंशी वर्षांचा होता, अब्रिकोसोव्ह पंच्याहत्तर. लँडाऊ नव्हता. शुब्निकोव्ह तर कधीचाच नव्हता.

लँडाऊ एका भोवऱ्यावर चुकला म्हणून लहान होत नाही. उलट, त्याचं समीकरण इतकं पक्कं होतं की ज्या भोवऱ्यावर त्याचा विश्वास बसला नाही, तोही त्यातूनच निघाला. ज्या थरांच्या पदार्थांचं त्याने नावही ऐकलं नव्हतं, त्यांचं गणितही आज तिथूनच सुरू होतं.

पण या सगळ्याच्या आधी एक आलेख होता. खारकीव्हमध्ये काढलेला, नीट तापवून एकसारख्या केलेल्या स्फटिकाचा. तो काढणाऱ्याला पुढची वीस वर्षं बघायला मिळाली असती, तर भोवरे इतके दिवस ड्रॉवरमध्ये राहिले असते का?

दोन मर्यादांच्या मधली ती अवस्था, जिथे क्षेत्र आत असतं आणि सुपरकंडक्टरही जिवंत असतो, तिला आज भौतिकशास्त्रात एक नाव आहे.

शुब्निकोव्ह फेज.